प्रतिसाद: इफ्तारची बिर्याणी
वर एका सदस्याने इफ्तार म्हणजे बिर्याणी-कबाब असे लिहिले आहे. पाकिस्तानी घरांत मात्र ते बहुधा मगरिबच्या (सूर्यास्ताच्या) नमाजानंतरच्या जेवणात येतात. रोजा सुटतो खजूर आणि पाण्याने, मग येतात कांदा-बटाट्याचे पकोडे (म्हणजे आपली भजीच) आणि दहीभल्ले (दहीवडे). माझ्या मते खरी शान फ्रूट चाटची आहे: केळी, सफरचंद, पेरू बारीक चिरून साखर, चाट मसाला आणि संत्र्याचा रस घालून मुरू दिले की तळाशी जो आंबटगोड रस साचतो, तोच तिचा जीव. सोबत रूह अफजा, कित्येकदा दुधात घातलेले. हकीम मोहम्मद सईद यांनी १९४८ मध्ये कराचीत हमदर्द ही ते बनवणारी कंपनी उभारल्यामुळे हे दिल्लीचे लाल सरबत फाळणीनंतर तिकडेही बनत राहिले.