पत्र्यावरचं पाणी प्यायला साठवायचंय, पहिलं पाणी किती सोडायचं?

पन्हळवाला:
आमच्या घराचा पुढचा भाग जस्ती पत्र्याचा आहे, साधारण 40 चौरस मीटर. मागच्या पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत, दोन ठिकाणी तडकलेले. विहिरीचं पाणी खारट झालंय, म्हणून पाच माणसांच्या पिण्या-स्वयंपाकापुरतं पावसाचं पाणी धरायचं ठरवलंय. 3,000 लिटरची टाकी घ्यायचा विचार आहे. कोणी म्हणतं आभाळातलं पाणी शुद्धच असतं, तसंच प्या. कोणी म्हणतं फिल्टर बसवला की काळजी नाही. घरात दीड वर्षाचं लेकरू आहे, म्हणून ज्यांनी खरोखर प्यायलंय त्यांनीच सांगा.

अकरापावसाळे:
दादा, अकरा पावसाळे झाले, आमच्या घरात हेच पाणी पितात. आधी हिशेब सांगते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणजे तुमच्या पत्र्यावर 10 मिलिमीटर पावसाचे 400 लिटर. शिंतोडे, पन्हळीतून सांडणं धरून 320 ते 350 हाती लागतात. माणशी पाच लिटर धरले तर पाच जणांना रोज 25 लागतील, त्या मानाने 3,000 लिटरची टाकी 120 दिवस पुरते.

मागच्या पडवीचं पाणी मात्र टाकीकडे वळवू नका. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याचे तंतू श्वासावाटे आत जाणं हा मोठा धोका, म्हणून ते पत्रे घासायला, कापायलाही जाऊ नका. पुढच्या पत्र्याला जुना रंग दिलेला असेल किंवा सांध्यांत शिसं असेल तर तेही बघा. पाणी उकळून जंतू मरतात, शिसं जात नाही.

आता पहिलं पाणी. पत्र्यावर पाखरांची विष्ठा, धूळ, कुजकी पानं साचलेली असतात, ती पहिल्या सरीबरोबर खाली येतात. निदान अर्धा ते एक मिलिमीटर पावसाचं पाणी सोडून द्या, तुमच्याकडे 20 ते 40 लिटर. त्यासाठी पन्हळीखाली चार इंची उभा पाइप लावतात. मीटरमागे त्यात साधारण आठ लिटर मावतात. तो भरला की आतला चेंडू वर येऊन तोंड बंद करतो आणि पुढचं पाणी टाकीकडे वळतं. तळाला बारीक भोक ठेवतात, त्यातून पाइप हळूहळू रिकामा होऊन पुढच्या पावसासाठी तयार होतो.

या भोकानेच आम्हाला फसवलं, म्हणून एवढं लिहिते. चौथ्या वर्षी घरात दोघांना जुलाब झाले. टाकीचं पाणी काचेसारखं नितळ, वासही नाही. तपासणीच्या छोट्या बाटलीत भरून ठेवलं, दुसऱ्या सकाळी बाटली काळीकुट्ट, म्हणजे पाण्यात विष्ठेतले जंतू असण्याची खूण. पाइपाचं बूच काढलं तर आत पानांचा काळा लगदा, त्यात एक पीस अडकलेलं, आणि असा कुबट वास की मी मागे सरले. भोक बुजलेलं होतं. पाइप आधीच्या पावसापासून भरलेला, चेंडू वरच चिकटलेला, त्यामुळे कित्येक दिवस प्रत्येक सरीचं पहिलं पाणी सरळ टाकीत जात होतं. तेव्हापासून पाऊस थांबला की दुसऱ्या दिवशी मी बूच उघडतेच. जास्त दिवस उघडीप झाली की पन्हळही पुसून घेते.

टाकी काळी किंवा उजेड आत न जाणारी घ्या, नाहीतर शेवाळ धरतं. येणारा पाइप तळापर्यंत नेऊन तोंड वर वळवा, म्हणजे बसलेला गाळ ढवळत नाही. तोटी तळापासून वीतभर वर असू द्या. पाणी आत येण्याच्या आणि सांडव्याच्या तोंडाला डासांची बारीक जाळी हवीच.

एवढं करूनही लेकराला उकळूनच द्या. खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर ठेवा आणि झाकूनच गार करा.

निवळी:
ताईंच्या म्हणण्याला जोडून एक. पारदर्शक बाटल्या उन्हात ठेवायचा सल्ला मिळेल. निरभ्र आभाळात सहा तास, ढगाळ असेल तर सलग दोन दिवस ठेवाव्या लागतात. ऐन पावसात त्यावर विसंबू नका. बाजारच्या गाळण्याने माती अडते, जंतू अडतीलच असं नाही. आणि छपरावर लोंबणारी फांदी, पाखरं बसतात ती तार आधी काढा. आम्ही फांदी तोडली आणि पाइपातला कचरा डोळ्यांदेखत कमी झाला.

पन्हळवाला:
ताई, तीन मीटरचा पाइप आणला. 24 लिटर भरून पाहिलं, दोन मिलिमीटरच्या भोकातून रिकामा व्हायला तासभर लागला. छपरावर चढून पाहिलं तर अँटेनाच्या खाली पत्रा पांढरा झाला होता, तेवढ्याच जागेत. अँटेना भिंतीवर हलवतोय. पडवीची पन्हळ वेगळी करून पाणी झाडांना सोडलं. एक विचारायचं राहिलं, बूच हाताने फिरवायचं घेतलंय, उंची मात्र कमरेएवढी ठेवली तर चालेल ना? आईलाही उघडता यायला हवं.

अकरापावसाळे:
कमरेएवढीच ठेवा. बुचाखाली बादली मावायला हवी. आणि आईंना एकदा तुमच्यासमोर उघडायला लावा. गच्च बसलं असेल तर आत्ताच कळेल.