मदत हवी आहे: रात्रपाळीनंतरची झोप ड्युटी चार्टमध्ये कशी बसवायची?

मुंबईत 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यापासून आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. कागदावर तीन पाळ्या नीट बसतात. पण रात्रपाळी सकाळी आठला सुटते आणि अकराला कोर्टात साक्षीला उभं राहावं लागतं, तिथे झोप जाते. मग चिडचिड, ॲसिडिटी, वाढलेलं बीपी. सकाळ-दुपार-रात्र याच क्रमाने पाळ्या फिरवल्या तर शरीर लवकर जुळवून घेतं, पहाटे तीननंतर चहा टाळावा, हे ठीक; अडतं ते समन्सपाशी. ड्युटी लावणाऱ्यांनो, चार्ट बनवण्याआधी साक्षीच्या तारखा कळाव्यात म्हणून नोंद कशी ठेवता? गणपती बंदोबस्तात बुडालेली साप्ताहिक सुट्टी कधी भरून देता? आणि खचलेल्या सहकाऱ्याला 14416 या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर फोन कर, हे कोणी सांगावं? साहेबांनी सांगितलं की तो आणखी गप्प होतो.