सल्ला हवा: पुराणांतल्या वीरांपासून सुपरहिरोंपर्यंत, मुलांबरोबर काय आणि कसे वाचावे?

सोप्यातला_कट्टा:
नमस्कार. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते आणि गेली दोन वर्षे दर रविवारी सकाळी आमच्या घराच्या सोप्यात आठवी-नववीच्या मुलांचा वाचनकट्टा चालवते. सध्या नऊ मुले येतात, त्यांत चार मुली आहेत. दिवाळीनंतरचे बारा रविवार 'वीर' या एकाच विषयाला द्यावेत असे माझ्या मनात आहे. मुलांना सुपरहिरो ठाऊक आहेत ते पडद्यावरचे, महाभारत ठाऊक आहे ते मालिकांमधले, आणि या दोहोंच्या मधली साहसकथांची मोठी परंपरा तर त्यांच्यापर्यंत पोहोचलेलीच नाही.

मागच्या वर्षी मी एक जाडजूड पौराणिक कादंबरी पहिल्या पानापासून वाचायला घेतली होती. तिसऱ्या रविवारी समोर चारच मुले उरली. ती चूक मला पुन्हा करायची नाही. म्हणून दीड तासाच्या बैठकीत मोठ्याने वाचून पुरा होईल असा एकेक भाग सुचवावा, ही विनंती. शक्यतो मराठी हवे. इंग्रजी असल्यास मी आधी वाचून मुलांना मराठीत सांगेन. 'हाही बलवान, तोही बलवान' एवढ्यावर ही मोट बांधलेली मला नको आहे. या सर्व कथांमधून ओवता येईल असा एखादा खरा धागा कोणाला सुचतो का?

पंचगंगाकाठ:
ताई, आपण पेटीपासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. वनपर्वात कुंती नवजात कर्णाला मंजूषेत ठेवते, आत मऊ अंथरूण घालते, पाणी शिरू नये म्हणून मंजूषा मेणाने लिंपते आणि मग ती अश्वनदीत सोडते. तेथून ती चर्मण्वतीत, म्हणजे आजच्या चंबळेत, पुढे यमुनेत आणि शेवटी गंगेतून चंपानगरीला पोहोचते, जिथे अधिरथ आणि राधा तिला पाण्याबाहेर काढतात. मुलांना नकाशा देऊन हा मार्ग पेन्सिलीने काढायला सांगा. एवढ्या दूरवर ते मूल वाहत गेले, हे त्यांच्या नीट ध्यानात येईल.

यानंतर प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कडचा राजा सारगॉन याची जन्मकथा सांगावी. त्याची आई त्याला बोरूच्या टोपलीत ठेवते, तिचे झाकण डांबराने बंद करते आणि टोपली नदीत सोडते. पाणी भरणारा अक्की नावाचा माणूस त्याला वाढवतो. बायबलमधल्या मोशेच्या टोपलीलाही डांबर आणि राळ लावलेली आहे. मला या कथांमधले सर्वांत हृद्य वाटते ते हे मेण आणि हे डांबर, कारण मुलाचा त्याग करणारी आई त्याच हातांनी त्याच्या पेटीच्या फटी बुजवते आहे. ओटो रांक या मानसशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये अशा वीरांच्या जन्मकथा एकत्र मांडल्या, तेव्हा सारगॉन आणि मोशे यांच्याबरोबर त्याने कर्णालाही घेतले होते.

आता जून १९३८ च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाकडे वळा. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी तिथे सुपरमॅनची पहिली कथा दिली. नष्ट होणाऱ्या ग्रहावरचा एक शास्त्रज्ञ घाईघाईने यान तयार करतो, तान्ह्या मुलाला त्यात ठेवून पृथ्वीकडे धाडतो, आणि रस्त्याने जाणाऱ्या मोटारवाल्याला ते मूल सापडते. नदीच्या जागी आकाश आले आहे, एवढाच काय तो फरक. मुलांना आपण होऊन काही सांगू नका. दोन्ही कथा लागोपाठ वाचा आणि थोडा वेळ गप्प बसा.

आपल्या आजऱ्याचे शिवाजी सावंत यांची १९६७ ची 'मृत्युंजय' या उपक्रमात हवीच, मात्र पहिल्या पानापासून नको. ती वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडून सांगितलेली आहे, त्यामुळे एकेक भाग सुटा काढता येतो. कर्ण हस्तिनापूरला निघतो आणि धाकटा शोण त्याच्या मागे धावत सुटतो, तेवढीच पाने एका रविवारी वाचा.

उत्तरेश्वर_वाचक:
वरील प्रतिसाद मला फार आवडला, तरी माझे मत थोडे वेगळे आहे. जन्मकथा सारख्या आहेत हे खरे. पण त्या धाग्याने बारा रविवार ओवले तर मुलांची अशी समजूत होईल की सुपरहिरो म्हणजे पुराणांची नक्कल. तसे ते नाही. माझी सूचना अशी की प्रत्येक कथेला एकच प्रश्न विचारावा: हिचा शेवट कसा होतो?

प्राचीन वीर बहुधा मरतो, किंवा मरण टळणार नाही हे त्याला पत्करावे लागते. मेसोपोटेमियातल्या ऊरुक नगराचा राजा गिल्गमेश अमरत्वाच्या शोधात जगाच्या टोकापर्यंत जातो, पुन्हा तरुण करणारी वनस्पती मिळवतो, आणि परतीच्या वाटेवर थंड पाण्यात स्नान करत असताना एक साप ती घेऊन जातो. तो रिकाम्या हातांनी ऊरुकला परततो आणि सोबतच्या नावाड्याला आपल्या नगराचा तट दाखवतो. असिरियाचा राजा असुरबनिपाल याच्या ग्रंथालयातल्या मातीच्या विटांवर ही कथा कोरलेली होती. जॉर्ज स्मिथ या इंग्रज अभ्यासकाने १८७२ मध्ये तिच्यातली जलप्रलयाची वीट वाचली, तेव्हा ती जगाला नव्याने कळली. कर्णाचे चाक, अकिलीझची टाच, अभिमन्यूचा चक्रव्यूह, हे सारे आपण शेवटावरूनच लक्षात ठेवतो.

साहसकथेतला नायक मात्र घरी परततो. ग्रीक महाकाव्य 'ओडिसी'चा नायक ओडिसियस याला ट्रॉयच्या युद्धात दहा आणि परतीत दहा वर्षे लागतात. सतराव्या सर्गात तो भिकाऱ्याच्या वेशात स्वतःच्या दारात येतो, तेव्हा उकिरड्यावर पडलेला त्याचा म्हातारा कुत्रा अर्गोस त्याला ओळखतो, शेपूट हलवतो आणि प्राण सोडतो. धन्याला मात्र उघडपणे रडताही येत नाही, कारण ओळख पटली तर घात होईल. हा प्रसंग जेमतेम दोन पानांचा आहे, पण तो मोठ्याने वाचताना माझा आवाज प्रत्येक वेळी अडकतो.

सुपरहिरोला असा शेवटच नसतो, कारण पुढच्या महिन्याचा अंक निघायचा असतो. म्हणून त्याच्या कथेचे ओझे शेवटाऐवजी आरंभावर येते: कोणाचे आईबाप डोळ्यांदेखत मारले जातात, कोणाच्या हातून चूक घडते. ऑगस्ट १९६२ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी स्पायडरमॅनची पहिली कथा दिली, ती अवघी अकरा पानांची आहे, म्हणजे आपल्या दीड तासात ती दोनदा वाचून होईल. ज्या चोराला पीटर सहज अडवू शकला असता, त्याला तो जाऊ देतो, आणि तोच चोर पुढे त्याच्या काकांचा जीव घेतो. मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारी येते, हे प्रसिद्ध वाक्य त्या मूळ कथेत काकांच्या तोंडी नाहीच. ते शेवटच्या चौकटीत निवेदकाचे आहे, आणि तिथे पाठमोरा पीटर अंधारात एकटा चालत निघालेला दिसतो. मुलांनी हे वाक्य चित्रपटांमुळे शेकडो वेळा ऐकले असेल, म्हणून मूळ पान त्यांच्यासमोर ठेवाच.

आणखी एक सुचवतो. आपल्या भागात कितीतरी खेड्यांत देवळाबाहेर वीरगळ, म्हणजे वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, उभे आहेत. मुलांना एखाद्या रविवारी तिथे न्या. खालच्या चौकटीत लढाई आणि मरण, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. तीन चौकटींत चित्रांनी सांगितलेली आणि खालून वर वाचायची ही वीरकथा मुले कॉमिक्स वाचतात तशीच वाचतील.

पेठेतला_ग्रंथप्रेमी:
मधल्या परंपरेबद्दल थोडे लिहितो. ज्यूल व्हर्नचा कॅप्टन निमो मुलांना अवश्य भेटवावा. पहिल्या कादंबरीत तो कोण, कुठला हे कळतच नाही. १८७५ मध्ये पूर्ण झालेल्या दुसऱ्या एका कादंबरीच्या अखेरीस उलगडते की तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर आहे आणि १८५७ च्या उठावात लढून सर्वस्व गमावलेला आहे. समुद्राखालचा हा एकाकी नायक मूळचा आपल्या मातीतला आहे हे कळल्यावर माझी पुतणी जागेवरून उठून उभी राहिली होती. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला आणि त्याच हाताने फुरसुंगीचा बनेश फेणे लिहिला, हेही मुलांना सांगा. फास्टर फेणेकडे कसलीही शक्ती नाही. सायकल आहे आणि 'ट्टॉक्' आहे.

मुखवट्याचा नायकही सुपरहिरोंच्या आधीचा आहे. झोरो १९१९ चा, ली फॉकचा वेताळ, म्हणजे फँटम, १९३६ चा. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या काळापहाडाने दोन पिढ्यांना रात्ररात्र जागवले. जुन्या ग्रंथालयांत त्यांच्या सुट्या प्रती अजून मिळतात.

सोप्यातला_कट्टा:
आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. एक अडचण मांडते. आतापर्यंत आलेल्या नावांत एकही स्त्री नायिका म्हणून नाही. कुंती आहे ती फक्त पेटी सोडण्यापुरती. माझ्याकडच्या चार मुलींपैकी एक जण गंगावेशेतल्या तालमीजवळ राहते आणि कुस्ती खेळते. ती मला हे पहिल्याच रविवारी विचारणार.

पंचगंगाकाठ:
ताई, आपले म्हणणे योग्य आहे, आणि मी पहिल्याच प्रतिसादात याचा विचार करायला हवा होता. सावित्रीची कथाही वनपर्वातच आहे. ती व्रतासाठी नव्हे, तर संवादासाठी वाचा. यम पुढे चालतो आहे, ती मागे चालते आहे, तो परत जा म्हणतो आणि ती प्रत्येक वेळी असे काही बोलते की त्याला आणखी एक वर द्यावाच लागतो. शस्त्राविना जिंकलेले इतके अटीतटीचे द्वंद्व मला दुसरे आठवत नाही. तिच्या जोडीला ओडिसियसची पत्नी पेनेलोपी घ्यावी: सासऱ्याचे कफन विणून झाल्यावर लग्न करीन असे सांगून ती दिवसा विणते, रात्री उसवते आणि तीन वर्षे राजवाड्यात ठाण मांडलेल्या मागणीदारांना थोपवून धरते. वंडर वुमन १९४१ ची. मुलींना नुसते पाहत बसण्यापलीकडची नायिका मिळावी, या हेतूने विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने ती घडवली.

आपण स्वतः मात्र आधी इरावती कर्वे यांचे 'युगान्त' वाचून घ्यावे. कुंती, गांधारी आणि द्रौपदी यांच्यावरचे लेख वाचल्यावर मुलींच्या प्रश्नांना आपण अधिक मोकळेपणाने उत्तरे देऊ शकाल.

उत्तरेश्वर_वाचक:
सावित्रीबद्दल पूर्ण सहमत. तिच्या कथेलाही माझाच प्रश्न विचारून पाहा. प्राचीन कथा असूनही तिचा शेवट घरी परतण्याने होतो, आणि मी वर केलेली विभागणी तिथे मोडते. ती मोडलेली मुलांना दिसू द्या.

सोप्यातला_कट्टा:
ठरले. पहिले चार रविवार पेटीचे, मधले पाच शेवटांचे, त्यांतला एक वीरगळांसाठी. उरलेल्या तिन्हींची निवड मुलांनी करायची. सावित्री दुसऱ्याच रविवारी घेणार आहे, म्हणजे कुंतीच्या पाठोपाठ. करवीर नगर वाचन मंदिरात 'युगान्त'साठी उद्याच चौकशी करते. पहिल्या दिवशी प्रत्येकाने घरून पुठ्ठ्याचे एक खोके आणि मेणबत्तीचा एक तुकडा आणायचा आहे. खोक्याच्या फटी मेणाने बुजवून ते पाण्याच्या घंगाळात सोडायचे, आणि वनपर्वातला उतारा त्यानंतर वाचायचा. वीरगळांची सहल काढताना नऊ मुलांना घेऊन एसटीने जाऊन दुपारपर्यंत परतता येईल असे जवळचे गाव कोणी सुचवले, तर फार मदत होईल.