जिताडा की रावस?
खाडीच्या मुखाशी गळाला लागलेला चंदेरी मासा रावस की जिताडा, हे रंगावरून ठरवावे असे काही जण सुचवतात. मात्र चिखलाच्या पाण्यात रंग फसवतो, त्यापेक्षा शेपूट पाहावी. जिताड्याची शेपूट गोलसर, कपाळ डोळ्यांवर खोलगट आणि जबडा डोळ्याच्याही मागे गेलेला असतो. रावसाची शेपूट खोल दुभंगलेली असून छातीच्या पराखाली चार सुटे तंतू लोंबतात (पाच मोजलेत तर तो दाढा, रावसाच्याच कुळातला दुसरा मासा!). जिताडा खारफुटीच्या मुळांशी, उघाडीच्या (खारबांधातील पाण्याच्या झडपेच्या) तोंडाशी दबा धरतो, म्हणूनच पेण-अलिबागच्या खारभूमीत, म्हणजे बांध घालून खारे पाणी अडवलेल्या जमिनीत, त्याचे एवढे कौतुक. रावस मात्र उथळ, गढूळ पाण्यात वाळूच्या किनाऱ्यालगत फिरताना सापडतो.