हाँगकाँगच्या जुन्या बेकरीत काय घ्यावं? (आई शाकाहारी, अंडं चालतं)

मंजिरी_नाशिक

नोव्हेंबरात आईला घेऊन हाँगकाँगला जातेय. धाकटा भाऊ तिथे नोकरीला आहे, पण खाण्यात त्याला काडीचा रस नाही. बेकरीचं विचारलं की मॉलमधल्या कॉफीच्या दुकानाचं नाव सांगतो. मला जायचंय ते गल्लीतल्या जुन्या चिनी बेकरीत, जिथे आतच भट्टी असते आणि ट्रे भरून पाव बाहेर येतात.

हा हट्ट खरं तर आईसाठी. दिवाळीच्या आधी रवा, तूप, साखर घरून घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायची, तिथेच बाकावर बसून राहायचं आणि गरम डबा मांडीवर घेऊन रिक्षाने घरी यायचं, हे तिने वर्षानुवर्षं केलंय. भट्टीच्या वासाने ती अजून थबकते.

अडचण अशी की आई मांस-मासे खात नाही. केक-बिस्किटातलं अंडं चालतं. तिकडे पेस्ट्रीत डुकराची चरबी असते असं ऐकलंय. तिला कळणार नाही म्हणून खाऊ घालावं, हे मला पटत नाही. कुठे जावं, काय मागावं, भाषा येत नसताना कसं विचारावं, आणि परत आणण्यासारखं काय मिळेल? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहा, प्लीज.

---

कौलूनकर_अनघा

मंजिरी, आईंना नक्की घेऊन या. मी शाम शुई पोच्या बाजूला राहते. स्टेशनला जाताना वाटेत दोन-तीन बेकऱ्या लागतात आणि संसाराच्या यादीत दूध-भाजीबरोबर त्यांचं नाव असतंच. शाळेची पोरं, बाजारातून परतणाऱ्या आज्या, हेल्मेट काखोटीला मारलेले बांधकामावरचे कामगार, सगळे तिथेच पाव घेतात.

माझं पहिलं सांगणं : वेळ आधी ठरवा, दुकान मागाहून. लोक नावाजलेल्या दुकानांची यादी घेऊन येतात, भलत्या वेळी पोचतात आणि गार पाव खाऊन 'एवढं काय त्यात' म्हणत परत जातात. फार वाईट वाटतं मला. सकाळी सात ते नऊ आणि दुपारी अडीच ते चार, या दोन वेळांना ट्रे बाहेर पडतात. दुपारच्या चहाला इथे 'साम दिम साम' म्हणतात, म्हणजे सव्वातीन. तीनच्या सुमारास कुठल्याही वस्तीतल्या बेकरीसमोर उभ्या राहा. आतून माणूस ट्रे खांद्याच्या उंचीला धरून ओरडत येतो, लोक बाजूला सरतात आणि काच आतून धुरकट होते. तेव्हा जो मिळेल तो घ्या आणि तिथेच फुटपाथवर उभ्या राहून खा. हॉटेलवर नेऊ नका.

पहिला घ्यायचा तो बोलो बाव. म्हणायला अननसाचा पाव, पण आत अननस नाही. वरच्या भेगाळलेल्या सोनेरी पापुद्र्यावरून नाव पडलंय. खाली दुधाचा मऊ पाव आणि वर साखर, मैदा, अंडं आणि स्निग्ध पदार्थ मळून लाटलेली चकती. गरम असताना ती चकती कुरकुरते, खाली पाव लुसलुशीत असतो. सगळी मजा या दोन थरांच्या भांडणात आहे आणि तासाभरात ते मिटतं. २०१४ साली इथल्या सरकारने अमूर्त सांस्कृतिक वारशाची जी पहिली सूची काढली, तीत बोलो बाव आणि एग टार्ट बनवण्याची कला दोन्ही आहेत. घाईघाईत दोन घासांत संपणाऱ्या पावाला हा मान मिळाला याचा मला खरंच आनंद आहे.

आता चरबीचं. तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. जुन्या पद्धतीच्या पदरदार पेस्ट्रीत डुकराची चरबी घालतात, कारण पदर तिने सुटतात तसे दुसऱ्या कशाने सुटत नाहीत असं जुने कारागीर मानतात. बोलो बावच्या चकतीतही ती घालायची पद्धत होती. आता पुष्कळ ठिकाणी लोणी किंवा वनस्पती तूप वापरतात, पण दुकानागणिक वेगळं. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी विचारायचंच.

विचारताना 'शाकाहारी' एवढंच सांगितलं तर काम बिघडतं. इथे 'सिक जाय' म्हणजे बौद्ध पद्धतीचा शाकाहार. त्यात अंडं नाही, कांदा-लसूणही नाही. दुकानदार तेवढं ऐकून हात हलवतो आणि तुम्हाला काहीच मिळत नाही. भावाला सांगा, ऑफिसातल्या कुणाकडून फोनवर चिनीत एक वाक्य लिहून घे : 'आई मांस आणि डुकराची चरबी खात नाही, अंडं-दूध-लोणी चालतं, यातलं काय देता येईल?' ते दाखवलं की गल्ल्यावरच्या बाई स्वतः बोट दाखवून सांगतात. बोलणं तुटक आणि घाईचं वाटेल, मागे रांग असते म्हणून. रागावलेल्या नसतात.

आईंसाठी काय काय :

एग टार्ट म्हणजे 'दान ताट'. याची पारी दोन तऱ्हेची. एक पदरदार, तीत चरबीची शक्यता जास्त. दुसरी बिस्किटासारखी खुसखुशीत, ती बहुधा लोण्याची. आईंना दुसरी. सेंट्रलमध्ये लिंडहर्स्ट टेरेसवरच्या ताय चेओंगची ती तऱ्हा प्रसिद्ध आहे. हे दुकान १९५४ पासूनचं. शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन यांना तिथले टार्ट इतके आवडायचे की दुकान त्यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. २००५ मध्ये भाडं परवडेना म्हणून बंद पडलं, लोक हळहळले, आणि त्याच वर्षी त्याच रस्त्यावर पुन्हा उघडलं. तिथेही फोनवरचं वाक्य दाखवाच.

कागदातला केक, 'जी बाव दान गोउ'. उंच कागदी कोनात भाजलेला साधा स्पंज, अंड्याचा आणि हलका. आईंना चहाबरोबर हाच सगळ्यात आवडेल असं माझं मन सांगतं.

'काय मेय बाव'. लांबट पाव, वर दोन पांढरट पट्टे आणि तीळ, आत सुकं खोबरं, साखर, लोणी. १९५० च्या दशकात उरलेला पाव वाया जाऊ नये म्हणून तो कुस्करून, खोबरं-साखर घालून नव्या पावात भरला, त्यातून हा झाला असं सांगतात. काटकसरीतून इतकी चांगली वस्तू निघाली म्हणून मला हा पाव फार प्रिय आहे.

'बाक थोंग गोउ'. तांदळाचं पीठ, साखर आणि पाणी आंबवून वाफवलेली पांढरी वडी. कापली की आत उभी जाळी दिसते, थोडी आंबटसर, गोड सांदणाच्या वळणाची. यात अंडंही नाही, चरबीही नाही. डोळे मिटून घ्या.

'लो पो बेंग' मात्र जपून. आत कोहळा असतो, पेठ्यासाठी पाकवतो तसाच पाकवलेला, त्यात तीळ आणि चिकट तांदळाचं पीठ. सारण आईंच्या ओळखीचं निघेल, पण बाहेरचे पदर पारंपरिक रीतीने चरबीचेच. युएन लाँग भागातली जुनी दुकानं यासाठी नावाजलेली आहेत. चरबी नाही अशी खात्री होत नसेल तर तुम्ही खा, आईंना नको.

आणि ज्यांच्याकडे बघायचंही नाही ते : चकचकीत तपकिरी गोल पाव, वर काहीच नाही, त्यात बहुतेक गोडसर डुकराचं मांस असतं. वर कापसासारखं तपकिरी भुरभुरलेलं दिसलं तर तेही सुकवलेलं मांस. हिरवी कांद्याची पात दिसली म्हणून शाकाहारी समजू नका, त्यात बारीक हॅम असतं.

जुन्या दुकानात काचेमागून देतात, नुसतं बोट दाखवायचं. जरा नव्यात ट्रे आणि चिमटा आपणच घ्यायचा. सुटे पैसे जवळ ठेवा, छोटी दुकानं रोखच मागतात.

---

भट्टीवाला_सांगली

आमची तीन पिढ्यांची बेकरी आहे, म्हणून अनघाताईंच्या त्या 'दोन थरांच्या भांडणा'त थोडी भर घालतो.

त्या चकतीत साखर आणि स्निग्धांश इतका असतो की तिला ताण नसतो. खालचा पाव भट्टीत फुगतो, चकतीला ताणता येत नाही, म्हणून ती तडकते. भेगा मुद्दाम पाडायला लागत नाहीत. पारंपरिक कृतीत तिच्यात अमोनियाही असतो, आपल्याकडे बिस्किटांत घालतात तोच. तापला की त्याचा सगळा वायूच होतो, मागे काही उरत नाही. पण वस्तू पातळ आणि कोरडी हवी, जाड ओल्या पावात घातला तर वास आतच अडकतो. वरच्या पातळ चकतीला म्हणून तो बरोबर चालतो. मंजिरीताई, तुमच्या आईंना तो वास आला तर त्या लगेच ओळखतील.

पाव गार होताना आतली ओल वर सरकते आणि साखर ती ओढून घेते. हाँगकाँगची हवा दमट, त्यात भर. बंद पिशवीत घालून नेला तर दहा मिनिटांत चकती चिकट. कागदी पिशवी मागा आणि तोंड उघडं ठेवा.

तिथे दुकानाच्या मागेच भट्टी आणि दिवसभर थोडा थोडा माल, हे वाचून फार बरं वाटलं. आम्ही पहाटे एकदाच काढतो. दुपारचा एक घाणा सुरू करावा असं घरात बरेच दिवस घोळतंय.

---

मडगावचा_सुहास

वेळ असेल तर एक दिवस मकाव करा. तिथला टार्ट वेगळा, वर करपल्यासारखे काळे डाग, पोर्तुगीज वळणाचा. कोलोआन गावात अँड्र्यू स्टो नावाच्या इंग्रजाने १९८९ साली बेकरी काढली, त्याच्यापासून हा प्रकार तिकडे पसरला. आम्हा गोंयकारांना मकाव परकं वाटत नाही. १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्यातूनच चालायचा. पाट्यांवरची पोर्तुगीज वाचत मी रस्ते शोधत होतो.

तिथली बदामाची बिस्किटं दुकानाबाहेर चाखायला देतात. त्यात मुगाचं पीठ असतं, लाकडी साच्यात ठोकून करतात. पण काहींच्या पोटात डुकराचं मांस असतं, आईंना देण्याआधी विचारा.

---

मंजिरी_नाशिक

अनघाताई, किती मनापासून लिहिलंत! वाक्य आजच भावाला पाठवलं. भट्टीवाले दादा, आईला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. अमोनियाचं ऐकून म्हणाली, "मग जायलाच हवं."

दोन गोष्टी राहिल्या. मूनकेक मिळेल का? आणि आईचे गुडघे दुखतात. फुटपाथवर उभं राहून एखादा पाव होईल, पण बसून खायची सोय कुठे?

---

कौलूनकर_अनघा

मूनकेकचा हंगाम तोवर सरलेला असेल. तो चिनी आठव्या महिन्याच्या पौर्णिमेचा. कधी आपल्या भाद्रपदी पौर्णिमेला येतो, कधी कोजागिरीला. २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला दोन्ही एकाच रात्री होते आणि आम्ही मसाला दूध आणि मूनकेक एकत्र मांडले होते. त्याचं गणित बोलो बावच्या अगदी उलट आहे. भट्टीतून काढल्यावर त्याचं आवरण कोरडं असतं, दोन-तीन दिवस ठेवलं की आतलं तेल बाहेर येतं आणि ते मऊ, तकतकीत होतं. ताजा खायचाच नसतो. बहुतेकांत कमळाच्या बियांचं सारण आणि खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक. पुन्हा कधी त्या दिवसांत या.

परत न्यायला डब्यातले एग रोल घ्या. अंडं, लोणी, मैदा, साखर यांच्या पातळ कुरकुरीत नळ्या, टिकतात चांगल्या. फक्त डबा हातातल्या सामानात ठेवा, नाहीतर चुरा होतो. बंद डब्यावर घटक छापलेले असतात, तिथेच वाचून खात्री करा. अक्रोडाच्या कवचासारखी भेगाळलेली बिस्किटं दिसतील, 'हाप थोउ सोउ'. नानकटाईच्या ओढीने आई तिकडे वळतील, पण त्यातही चरबी असू शकते. आधी विचारा.

बसायला चा चान थेंग, म्हणजे इथली चहाची हॉटेलं. काहींची स्वतःची बेकरी असते. प्रिन्स एडवर्ड स्टेशनजवळ ब्यूट स्ट्रीटवर कॅम वा आहे. तिथे गरम बोलो बाव मधोमध चिरून थंडगार लोण्याची जाड चकती घालून देतात. लोणी वितळायच्या आत पहिला घास घ्यायचा. चरबीचं तिथेही विचारा, आणि चकतीत असेल तर आईंना लोणी लावलेला टोस्ट मागवा. सोबत दुधाचा चहा, कडक आणि बिनसाखरेचा येतो, साखर टेबलावर असते. जेवणाच्या वेळी गर्दी असते आणि अनोळखी माणसं एकाच टेबलावर बसवतात. तुम्ही तीनच्या आधी पोचा, म्हणजे आईंना भिंतीकडची जागा मिळेल.

एक दिवस डायमंड हिलला चि लिन मठाच्या बागेत घालवा. तिथे पूर्ण शाकाहारी जेवण मिळतं, काही विचारायला नको. येण्याआधी इथेच निरोप टाका. मी त्या आठवड्यात गावातच आहे, दुपारी मोकळी असेन तर सोबत येते.