सात लाल गोळे आणि एक 'गॉट': हा शब्द खरंच आळशी आहे का?

वहीचं_मागचं_पान

लेक सातवीत आहे. परवा तिची इंग्रजीची वही तपासून आली. 'आमची सहल' यावर नऊ वाक्यं लिहिली होती आणि त्यांवर सात लाल गोळे. सातही गोळ्यांत एकच शब्द: गॉट. आय गॉट अप ॲट सिक्स. आय गॉट रेडी. आय गॉट ऑन द बस. आय गॉट अ विंडो सीट. मग पाऊस, आय गॉट वेट. वी गॉट होम लेट. आणि शेवटी, आय गॉट अ स्कोल्डिंग. (तो ओरडा मीच दिला होता. बूट चिखलात बुडवून आणले होते.)

खाली बाईंनी लिहिलंय की हा शब्द टाळावा, पर्यायी शब्द वापरावेत, आणि पाच शब्दांची यादी दिलीय: ऑब्टेन, रिसीव्ह, बिकम, अक्वायर, रीच. लेकीनं इमानेइतबारे यादी समोर ठेवून निबंध पुन्हा उतरवला. आय ऑब्टेन्ड अप ॲट सिक्स. आय रिसीव्ह्ड रेडी. आय बिकेम ऑन द बस. खिडकीची जागा तर तिनं अक्वायर केली, एखादी कंपनी विकत घेतल्यासारखी.

हसून झाल्यावर वाईट वाटलं. माझं म्हणणं असं की पहिला निबंध बरोबर होता. इंग्लंडातलं बारा वर्षांचं पोर असंच बोलेल. गेट हा आळशी शब्द नाही, त्या भाषेची बिजागरी आहे. ती काढली तर दार उघडणार कसं? आणि समानार्थी शब्द म्हणजे क्रिकेटमधला बदली खेळाडू नव्हे की एक गेला, दुसरा आला.

(गेट म्हणजे फाटक नव्हे, गॉटचा वर्तमानकाळ. देवनागरीत दोघे जुळे दिसतात, माझा नाइलाज आहे.)

खडूची_धूळ

असे गोळे मीही मारते. तुमच्या लेकीची बाई मी नव्हे, पण तिची बाजू मांडते.

माझ्याकडे एका वर्गाच्या ५२ वह्या येतात. आय गॉट फीव्हर, आय गॉट टेन्शन, माय फादर गॉट ट्रान्सफर, आय गॉट बोअर. क्रियापद सुचलं नाही की गॉट. एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालासारखं आहे ते. जागा धरली जाते, पण बसलेलं कुणीच नसतं. मला त्या जागेवर कुणीतरी बसलेलं हवंय. मूल 'कॉट' शिकेल, 'अर्न' शिकेल, 'मॅनेज्ड टू फाइंड' शिकेल. रुमाल उचलल्याशिवाय ते होत नाही.

यादी द्यायची पद्धत चुकली, हे मान्य. गॉट अप आणि गॉट वेटला गोळा मारायलाच नको होता. पण 'टाळा' हा सल्ला चुकीचा नाही.

दुभाष्या

ताई, गेट म्हणजे इंग्रजीतलं 'लागणे' आहे. मी भाषांतराची कामं करतो, रोज हाच अनुभव.

नोकरी लागली: गॉट अ जॉब. फोन लागला: गॉट थ्रू. सवय लागली: गॉट यूज्ड टू इट. लग्न लागलं: गॉट मॅरिड. कामाला लागा: गेट टू वर्क. गाडी लागते: गेट कारसिक. आता मराठीच्या बाईंनी लागणेवर लाल गोळे मारले आणि 'स्पर्श होणे, जोडले जाणे, आरंभ होणे' अशी यादी दिली तर? मला भुकेचा आरंभ झाला. आग जोडली गेली. घाटात मला गाडीचा स्पर्श झाला.

भूक, ठेच, ग्रहण, निकाल, डोळा, कुलूप, सुतक, सगळं आपल्याला लागतंच. 'हा तुझा कोण लागतो?' यातही लागतं आणि 'वांगी घशाला लागली' यातही लागतं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढून 'लागणे'ची नोंद एकदा वाचा. १८३१ साली पहिल्यांदा छापलेला कोश. त्या साहेबाला हा शब्द ऐकून घाम फुटला असेल.

कर्ता_कर्म_क्रियापद

दुभाष्या, उदाहरणं फर्मास, पण जोडी जुळत नाही. लागणेत माणूस कर्ता नसतोच. भूक लागते, नोकरी लागते, गाडी लागते. कर्ता ती भूक, ती नोकरी. आपण 'मला' होऊन बाजूला उभे. गेटमध्ये उलटं आहे: आय गॉट, म्हणजे मी पुढे होऊन काहीतरी केलं किंवा निदान मी मधोमध उभा आहे. मराठी मुलाला गेट जड जातं ते अर्थ पुष्कळ आहेत म्हणून नाही, 'मला'चं 'मी' करावं लागतं म्हणून. आय गॉट बोअर हे 'मला बोअर झालं' याचं अर्धवट भाषांतर आहे. 'मला'चा 'आय' झाला, 'झालं'चा 'गॉट' झाला, आणि बोअर आहे तसाच राहिला.

दुभाष्या

अर्धं मान्य. पण 'ही गॉट फायर्ड'मध्ये माणसानं पुढे होऊन काय केलं? नोकरी गेली बिचाऱ्याची. आय गॉट वेटमध्ये पावसानंच सगळं केलं. आणि 'कामाला लाग'मध्ये तर कर्ता माणूसच आहे की. कर्त्याला बसवून ठेवून त्याच्यावर गोष्टी होऊ द्यायच्या, हेही गेटचं काम आहे. म्हणूनच म्हणतो, लागणेची बहीण. सख्खी नसेल तर चुलत म्हणा.

आवक_जावक

आयुष्यभर कोर्टात कारकुनी केली. भावनेच्या भरात सगळे गेटच्या बाजूला वाहत चाललेत, म्हणून चार शब्द.

आवक-जावकच्या शिक्क्यावर 'रिसीव्ह्ड' असतं. 'गॉट' कोरलेला शिक्का कुणी पाहिलाय? नक्कल ऑब्टेन करतात, कारण त्यासाठी अर्ज करावा लागतो, फी भरावी लागते. पत्र रिसीव्ह होतं, त्यासाठी काही करावं लागत नाही. जमीन अक्वायर होते. सरकारला जमीन मिळाली आणि सरकारनं जमीन संपादन केली, या दोन वाक्यांमध्ये एका पिढीच्या तारखा बसतात, हे ज्यांची गेलीय त्यांना विचारा. हा फरक 'गॉट' गिळून टाकतो. ज्या शब्दात सगळं मावतं, त्या शब्दावर सही करू नये, असं आमचे साहेब म्हणायचे.

मराठीतही आपण नेमकंच बोलतो की. पगार मिळतो, पत्र प्राप्त होतं, समारंभाला अध्यक्ष लाभतात, गायकाला सूर गवसतो आणि चोर पोलिसांच्या हाती लागतो. अध्यक्ष हाती लागले असं लिहून बघा.

वहीचं_मागचं_पान

काका, अध्यक्ष हाती लागले हे आमच्या सोसायटीच्या बाबतीत अगदी खरं आहे.

पण तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. ऑब्टेनला अर्ज लागतो, रिसीव्हला हात पुढे करून थांबावं लागतं, अक्वायरला ताकद किंवा वेळ. म्हणजे ते गेटचे समानार्थी नाहीतच. प्रत्येकाचं आपापलं खातं आहे. मग त्यांची यादी 'याऐवजी हे वापरा' म्हणून द्यायची कशाला?

आकडेबहाद्दर

गेट गेट काय करताय? सगळ्यात जास्त अर्थ 'रन'चे आहेत. ऑक्सफर्डवाल्यांनी क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ मोजलेत.

कर्ता_कर्म_क्रियापद

१९८९च्या आवृत्तीत 'सेट' पुढे होता. कोशाची उजळणी जसजशी पुढे सरकली तसतसे नंबर बदलले. अर्थ म्हणजे पोत्यातले बटाटे नव्हेत. 'गॉट होम' आणि 'गॉट टू द स्टेशन' हा एक अर्थ की दोन, हे कोशकार ठरवतो. एकजण ६४५ मोजेल, दुसरा चाळीस.

गोळ्यांमागचं खरं कारण इतिहासात आहे. गेट हा व्हायकिंगांनी आणलेला शब्द, त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेतला 'गेटा'. फरगेटमधला 'गेट' त्याचाच भाऊबंद. ऑब्टेन, अक्वायर, रिसीव्ह ही सगळी मंडळी मुळात लॅटिन, इंग्रजीत आली ती फ्रेंचच्या वाटेनं. १०६६ला फ्रान्समधून नॉर्मन इंग्लंडात आले आणि दरबार, कोर्ट, दस्तऐवज फ्रेंच-लॅटिनमध्ये गेले. चूल, शेत, रस्ता इंग्रजीतच राहिला. एक शब्द ओसरीवरचा, एक कचेरीतला. आवक-जावक काकांचा शिक्का त्या कचेरीतून आलाय. आपल्याकडे 'मिळालं' आणि 'प्राप्त झालं' यांच्यात जे अंतर आहे, तेच. आईला फोन करून 'तुझा डबा प्राप्त झाला' असं कुणी सांगितलं तर ती आधी तब्येत विचारेल. सहलीचा निबंध ओसरीवरचा की कचेरीतला, एवढंच ठरवायचं आहे.

खडूची_धूळ

उत्तरपत्रिका मात्र कचेरीत जाते हो. तपासणारा वीस मिनिटांत गठ्ठा संपवायला बसलेला असतो. निबंधात चार भारदस्त शब्द दिसले की त्याचा हात सैल सुटतो. मी हे योग्य म्हणत नाही, घडतं ते सांगतेय. तुमच्या मुलांना सत्य शिकवू की मार्क मिळवून देऊ, असं पालकसभेत विचारलं तर किती हात वर होतात बघा.

हडसनकाठी

आम्ही न्यू जर्सीत. इथे उलटा तमाशा. मुलानं लिहिलं, 'इट हॅज गॉटन कोल्ड'. मी, दादरच्या शाळेत शिकलेला शहाणा, गॉटन खोडून गॉट केलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या टीचरनं माझं गॉट खोडून पुन्हा गॉटन केलं.

नंतर कळलं की अमेरिकनांना दोन्ही लागतात. 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे गाडी घेतली. गॉटन मूळचा इंग्लंडचाच, त्यांनी टाकून दिला, इकडच्यांनी जपला. फरगॉटन मात्र तिकडेही शिल्लक आहे. आपल्या वडिलांचा पाट आपण माळ्यावर टाकावा आणि चुलत्यांनी तो दिवाणखान्यात मांडावा, तसं.

दुभाष्या

भारदस्तपणाच्या विरुद्ध एक साक्षीदार उभा करतो. १९३०मध्ये सी. के. ऑग्डेन या इंग्रजानं 'बेसिक इंग्लिश' नावाची ८५० शब्दांची छोटी भाषा काढली, परक्यांना लवकर शिकता यावी म्हणून. तिच्यात क्रियापदं फक्त १८. गेट त्यांत आहे. ऑब्टेन, रिसीव्ह, अक्वायर यांतलं एकही नाही.

खडूची_धूळ

साक्षीदार फितूर आहे तुमचा. ऑग्डेननं क्रियापदं १८ केली, पण बाकीच्यांचा भार पडला कुणावर? गेट अप, गेट ओव्हर, गेट बाय, गेट अवे, गेट अवे विथ, गेट अलाँग, गेट ॲट. गेट येतंय आणि ओव्हर येतंय, म्हणून 'आजारातून उठणे' कळलं असं होत नाही, जोडी म्हणूनच पाठ करावी लागते. 'रिकव्हर' हा एक शब्द शिकवणं मला सोपं पडतं, मुलाला लक्षात ठेवणंही. शब्द कमी म्हणजे भाषा सोपी, हा शहरी गैरसमज आहे. आमच्या खेड्यातल्या शाळेत 'रिकव्हर'चं स्पेलिंग येतं, 'गेट ओव्हर'चा अर्थ येत नाही.

वहीचं_मागचं_पान

हा मुद्दा लागला मला. (बघा, लागला.) मी शहरात राहून 'इंग्लंडातलं पोर असंच बोलेल' म्हणून मोकळी झाले. तुमच्या मुलांनी इंग्लंडातलं पोर ऐकलंय कुठे?

तरीही सातच्या सात गोळे मला पटत नाहीत.

खडूची_धूळ

चार ठेवा, तीन बदला. गॉट अप, गॉट रेडी, गॉट ऑन, गॉट वेट राहू देत. खिडकीच्या जागेला 'फाउंड', घरी येण्याला 'रीच्ड'. आणि शेवटच्या वाक्यात ओरडलं कोण ते लिहायला सांगा.

वहीचं_मागचं_पान

सांगितलं. शेवटचं वाक्य आता 'माय मदर शाउटेड ॲट मी फॉर वन अवर' असं आहे. एक तास साफ खोटं आहे, जेमतेम दहा मिनिटं. गॉट असताना माझं नाव तरी झाकलेलं होतं.

आज वही परत आली. गोळा एकच. 'वी रीच्ड टू होम लेट' यातल्या 'टू'भोवती.

खडूची_धूळ

तो 'टू' आपल्या 'घरी'तला आहे. 'घर'ला काहीतरी जोडल्याशिवाय आपण पोचतच नाही ना. माझ्या ५२ वह्यांत साधारण चाळीस निघतात.