'लिकिशी'ला मराठीत काय म्हणावं: मुखवटा की सोंग?

झांबियातल्या लुवाले वगैरे लोकांत मुखवटा आणि पोशाख घालून जे रूप नाचतं, त्याला 'लिकिशी' म्हणतात. भाषांतरात त्यासाठी 'मुखवटा' हा शब्द सुचवला गेलाय, पण मला तो पटत नाही. 'झांबियाचे मुखवटे' म्हटलं की डोळ्यांपुढे भिंतीवर टांगलेलं लाकूड येतं. लुवाले लोकांचा लिकिशी म्हणजे नुसता चेहरा नव्हे. चेहरा, अंगभर विणलेला घट्ट पोशाख, चाल, नाच आणि त्या रूपात परत आलेला पूर्वज, हे सगळं मिळून लिकिशी. (एक असेल तर लिकिशी, अनेक असतील तर मकिशी. त्यामुळे 'एक मकिशी' लिहू नये.)

शिवाय गौरीचा मुखवटा आपण मांडतो, तोंडावर चढवत नाही. आणि कुणाचा 'मुखवटा गळून पडला' म्हणतो, तेव्हा खोटेपणा उघडा पडलेला असतो. लिकिशीत तसं काहीच नाही.

माझं मत 'सोंग'ला. पैशाचं सोंग आणता येत नाही, या म्हणीमुळे शब्दाला ढोंगाचा वास लागलाय खरा. पण जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे देवांचे मुखवटे घालून नाचायच्या आदिवासी उत्सवात, "सोंग आलं" म्हणतात तेव्हा देव आलेला असतो, माणसं हात जोडतात. लिकिशीच्या सगळ्यात जवळ जाणारा मराठी अर्थ हाच.

मकिशी ज्या विधीत येतात, त्या 'मुकांदा'ला मात्र कृपया 'मुंज' म्हणू नका. लुवाले, चोक्वे, लुचाझी, म्बुंडा या लोकांत ८ ते १२ वर्षांची मुलं कोरड्या ऋतूत घर सोडून रानातल्या तळावर १ ते ३ महिने राहतात. तिथे सुंता होते, मोठ्या माणसाची कामं शिकवतात आणि प्रत्येक मुलाला शेवटपर्यंत सोबत करणारा एक लिकिशी नेमून देतात. वय मुंजीचं असलं तरी बाकी काही जुळत नाही. मुकांदा तसाच ठेवावा.

'देज' (नवरीसाठी वराकडून द्यायचं धन) हा शब्द मात्र इथे नेमका बसतो. चोक्वेंचं 'प्वो' हे आदर्श स्त्रीचं सोंग, पण नाचतो पुरुषच. तिच्या डोळ्यांखाली कोरलेल्या रेघांना 'मासोजी', म्हणजे आसवं म्हणतात. मुखवटा कोरणाऱ्याला नाचणारा धातूची अंगठी देतो, नवरीसाठी द्यावी तशी. त्या अंगठीला 'किंमत' किंवा 'मोबदला' म्हटलं तर नातंच हरवतं. तो नाचणारा वारला की मुखवटाही त्याच्यासोबत पुरण्याची रीत होती. म्हणून भाषांतरात तिथे 'देज'च हवं.